गोणीवरची इंग्रजी अक्षरं

डॉक्टरनं माझ्या मायचं तोंड हुंगलं. वीस-बावीस बायकांसमोर.

"आ कर."

मायनं आ केला. तो पुढे वाकला, वास घेतला आणि झटकन मागे सरला. मॅनेजरकडे बघून म्हणाला, "बिडी."

"नाही जी," माय म्हणाली. "मी बिडी ओढत नाही."

"तंबाखू?"

"नाही जी."

"दारू?"

रांगेत मागे कोणीतरी फिदकन हसलं. मायच्या मानेवर घाम आला होता. मला तिची मानच दिसत होती, कारण मी तिच्या मागे उभी होते.

"बोटं दाखव."

तिनं दोन्ही हात पुढे केले, शाळेत छडी खाताना पोरं करतात तसे. डॉक्टरनं हात धरला नाही. पेन्सिलीच्या टोकानं एकेक बोट उचलून पाहिलं. डाग नव्हते. बोटं पांढरी होती, भेगाभेगांत पांढरी.

"ह्या लोकांना लहानपणापासून सवय असते," तो मॅनेजरला म्हणाला. "खोकणार नाही तर काय."

मायला बोलला नाही. मॅनेजरला बोलला. मायचं तोंड समोर उघडंच होतं, ते मिटायचं की नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

माझं वय तेव्हा एकवीस. सातवी पास. मला बोलता येत होतं. मी बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून मी फार शूर होते असं कोणाला वाटायला नको.

त्या दिवशी मायला कामावरून काढलं. कागद दिला नाही. कशाचाच कागद आम्हाला कधी दिला नव्हता.

आमची वस्ती उत्तर नागपुरातली. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा मी तान्ही होते. माय मला कडेवर घेऊन गेली होती. पुढे बाप वारला. माय गिरणीत होती, तिथून कमी केलं. मग तिला ह्या शेडमध्ये काम मिळालं. मी तेव्हा तीन-चार वर्षांची होते. बापानंतर दुसरं कोणी नव्हतं. माय आणि मी.

शेडमध्ये दोरी बनायची. बॉयलरच्या दाराला, वाफेच्या नळाला गुंडाळतात ती, न जळणारी दोरी. तिच्यासाठी परदेशातून गोण्या यायच्या. गोणीत दगडासारखा दाबलेला पांढरा कापूस असे. आम्ही त्याला दगडी कापूस म्हणायचो. नाव ॲस्बेस्टॉस आहे हे मला फार उशिरा कळलं. गोणी फाडायची, गठ्ठा हातानं पिंजायचा, मशीनमध्ये टाकायचा, सूत निघालं की पीळ देऊन दोरी वळायची. पिंजताना समोरच्या बाईचा चेहरा दिसत नसे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, डब्यातली भाकर पांढरी. संध्याकाळी सगळ्या बायका म्हाताऱ्या होऊन घरी जायच्या.

दुपारी गुळाचा खडा मिळायचा. "गूळ खा, धूळ पोटात उतरते," मॅनेजर म्हणायचा. आम्ही ओंजळ धरायची, तो वरून टाकायचा. बोट लागू द्यायचा नाही.

तो शेडच्या आत कधीच येत नसे. दाराबाहेर उभा राहायचा, नाकावर घडी केलेला रुमाल दाबून. तिथूनच ओरडून काम सांगायचा. ऑफिसात बोलावलं तर आधी बाहेर लुगडं झटकायला लावायचा, मग जमिनीवर पेपर पसरायचा. "पेपरवर उभी राहा. फरशीवर पाय नको."

मी मायला एकदा विचारलं, "तो आपल्याले पाहून नाक काहून दाबते वं?"

माय म्हणाली, "आपण ते सगळं सोडलं, बाई. त्याले अजून सुटलं नाही. तू मनावर नको घेऊ."

शेडमधल्या जवळजवळ सगळ्याच बाया आमच्या वस्तीतल्या. आम्हा सगळ्यांना तसंच वाटायचं. जातीमुळे दाबते. सवय होती.

फॅक्टरी इन्स्पेक्टर वर्षातून एखादेवेळी यायचा. मालकाला आधीच खबर असे. हजेरीच्या रजिस्टरात सात-आठच नावं होती, तीही पुरुषांची. त्या दिवशी आम्हा बायकांना गोदामात घालून बाहेरून कडी लावायचे. गोण्यांच्या मधे बसायचं. खोकायचं नाही. पार्बता मावशी म्हणून मायची मैत्रीण होती, ती लुगड्याचा पदर तोंडात कोंबून बसायची. एकदा एका बाईला खोकला आवरला नाही, तिची आठवड्याची मजुरी कापली. म्हणून डॉक्टरला आणून बायका तपासल्या, इन्स्पेक्टर यायच्या आधी. आजार शोधायला नाही. कोण खोकणार, हे शोधायला.

आता माझ्या हाताबद्दल सांगायचं आहे.

मी शाळा सोडून शेडमध्ये लागले त्याच्या दोन-तीन वर्षांनी नव्या गोण्या यायला लागल्या. त्यांच्यावर लाल रंगात इंग्रजी छापलेलं असे, वर मोठी अक्षरं, खाली दोन बारीक ओळी. मॅनेजरनं मला बोलावलं. पेपरवर उभं केलं. म्हणाला, "तू शिकलेली आहेस ना? तुझा हात चांगला आहे म्हणतात. हा काळा रंग, हा ब्रश. गोणी आली की हा लाल शिक्का नीट झाकायचा. एक अक्षर दिसता कामा नये. परदेशी माल आहे, रिकामी गोणी विकताना अडचण येते."

पिंजायचं काम सुटलं म्हणून मला आनंद झाला. आणि शिकलेली म्हटलं म्हणूनही झाला. मी फार मन लावून करायची. कडा सरळ, रंग सारखा. बायका म्हणायच्या, पोरीचा हात पाहा. माय हसायची.

मला इंग्रजी येत नव्हतं. सातवीपर्यंत अक्षरं ओळखायला शिकवली होती, शब्द नाही.

कामावरून काढल्यावर मायची धाप वाढतच गेली. नळावरून अर्धी बादली आणताना दोनदा बसायची. मग बसून झोपायला लागली. आडवी झाली की घुसमटायची. मी रजा मागितली, मिळाली नाही. तशीच तिला घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले.

तिथला डॉक्टर तरुण होता. नरखेडकडचा, बोलण्यावरून कळायचं. त्यानं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग मायला विचारलं, "काम काय करता?"

हे तोवर कोणी विचारलं नव्हतं. बिडी विचारली, दारू विचारली, जात विचारली. काम कोणी विचारलं नव्हतं.

माय म्हणाली, "दगडी कापूस पिंजतो जी."

त्याच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलं: बॉयलरची दोरी, न जळणारी. तो एकदम माझ्याकडे वळला. "किती वर्षं?"

"सतरा."

पाठीतून सुई घालून त्यानं फुफ्फुसाबाहेरचं पाणी काढलं. लाल निघालं. तपासायला पाठवलं. आठ-दहा दिवसांनी मला एकटीला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. त्यानं काही लपवलं नाही, म्हणून त्याचं मी अजून नाव काढते.

"तो कापूस नाही, तो दगडच आहे," तो म्हणाला. "त्याचे धागे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात. श्वासाबरोबर आत जातात. कापसाचा कण खोकलं की बाहेर पडतो. हा पडत नाही. फुफ्फुसात रुतून बसतो. कुजत नाही, विरत नाही. वर्षानुवर्षं तिथं टोचत राहतो. फुफ्फुस कडक होत जातं, म्हणून धाप. आणि कधी कधी फुफ्फुसावरच्या पडद्याचा कॅन्सर होतो. पंधरा, वीस, तीस वर्षांनी. आईला दोन्ही झालं आहे."

"औषध?"

"दुखणं कमी करता येईल."

"बिडीनं झालं म्हणत होते जी."

"बिडीनं ह्या पडद्याचा कॅन्सर होत नाही." मग त्यानं विचारलं, "गोण्यांवर काही लिहिलेलं नसायचं? अलीकडे बाहेरच्या देशांत छापतात. धोक्याचा इशारा."

माझे हात मांडीवर होते. मी ते लुगड्याखाली घेतले.

घरी आम्ही गोणीवर झोपत होतो. सगळी वस्तीच झोपायची. फाटकी गोणी फुकट मिळायची, ती झटकून गोधडीखाली टाकायची. जाड असते, जमिनीची ओल लागत नाही. मी चार वर्षांची होते तेव्हापासून त्याच गोण्यांवर वाढले.

मी मायखालची गोणी ओढून काढली. माझाच काळा चौकोन. सरळ कडा. स्टोव्हसाठी आणलेलं घासलेट चिंधीवर घेतलं आणि घासायला लागले. माय भिंतीला टेकून पाहत होती. "काय करून राहिली वं?" मी उत्तर दिलं नाही. काळं निघत गेलं, खालून लाल यायला लागलं. तुटक तुटक अक्षरं. मी ती कागदावर उतरवली, चित्र काढतात तशी, कारण वाचता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं कागद वाचला. आधी मनात वाचला. मग मराठीत सांगितलं. "सावधान. ह्यात ॲस्बेस्टॉस आहे. धूळ श्वासात जाऊ देऊ नका. धूळ शरीराला घातक आहे."

एवढंच होतं. तीन ओळी.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले. मला मॅनेजरचा रुमाल आठवत होता. पेपर आठवत होता. फरशीवर पाय नको. लुगडं झटकून ये. आत यायचं नाही. दारातूनच ओरडायचं. आम्हाला वाटलं तो आमच्या जातीला नाक दाबतो. तो धुळीला नाक दाबत होता. त्याला वाचता येत होतं. मालकाला वाचता येत होतं. आणि आम्ही जातीचा अपमान समजून खाली मान घालून गप्प बसलो, म्हणून त्यांचं काम सोपं झालं. एकीनंही विचारलं नाही, साहेब, नाक काहून दाबता? विचारायची आम्हाला सवयच नव्हती. पिढ्यानपिढ्या आमच्याकडे पाहून लोक नाक दाबत आले होते. तो त्या गर्दीत लपला.

आणि जे लिहिलं होतं ते मी मिटवलं होतं. सुबक.

मी मायला सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण मला ते पोटात ठेवता येईना. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुले काय माहीत होतं वं." आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी घेतलं.

मी दुसऱ्या सकाळी शेडमध्ये गेले. ब्रश उचलला नाही. मॅनेजर दारात आला, रुमाल नाकावर. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले, इतकी जवळ की तो मागे सरला.

"गोणीवर काय लिहून आहे, साहेब?"

"तुला काय करायचं आहे? कामाला लाग."

"वाचून दाखवा."

शेडमधली मशीन चालू होती तरी बायकांचे हात थांबले. तो म्हणाला, "जास्त शहाणी झालीस. चालती हो."

मी आत वळले आणि मोठ्यानं सांगितलं, त्या तीन ओळी, मराठीत. दोनदा सांगितल्या. मग चालती झाले. माझ्यामागे एकही बाई आली नाही. मला राग आला होता तेव्हा. आता येत नाही. त्यांच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची होती.

नागपुरातल्या महाल भागात एका अरुंद जिन्याच्या वर कामगारांच्या केसेस घेणारे म्हातारे वकील बसायचे. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"विम्याचं कार्ड आहे का आईचं?" त्यांनी विचारलं. "कामगार विमा. ते असतं तर मालकाशी भांडायचं कामच नव्हतं. विमा खात्याचं डॉक्टरांचं मंडळ तपासतं, पेन्शन सुरू होते."

"नाही जी. कोणाचंच नाही."

"मग दुसरा रस्ता. भरपाईचा कायदा. मशीनमध्ये हात गेला तर जशी भरपाई मिळते, तशीच कामामुळे आजार झाला तर मिळते. कायद्यात आजारांची यादी आहे. ह्या धुळीनं फुफ्फुस कडक होतं, तो आजार यादीत आहे. कॅन्सर अजून नाही. म्हणून डॉक्टरनं दोन्ही लिहून दिलं पाहिजे. धूळही आणि कॅन्सरही. आणि आई तिथं कामाला होती हे आपण सिद्ध केलं पाहिजे."

"आणि केस चालायच्या आधी माय गेली तर?"

त्यांनी चष्मा काढला. "वारसाला चालवता येते. पण एक्स-रेत नुसती सावली दिसते, बाई. ते म्हणतील टीबीची आहे, बिडीची आहे. फुफ्फुस काढून भिंगाखाली पाहिलं तर त्यात धागे सापडतात. ते कोणाला नाकारता येत नाहीत."

मला समजलं. त्यांनी आणखी बोलायची गरज नव्हती. मायशी मात्र मी हे बोलले नाही. रोज ठरवायची, आज विचारू. तिच्यापुढे बसले की शब्द फुटायचा नाही. तुले कापू का, असं कोणती पोरगी विचारते? विचारायला पाहिजे होतं. ती माझी चूक आहे आणि ती माझ्याजवळच राहणार.

वकिलांनी मालकाला नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही.

माय उन्हाळ्यात गेली. शेवटचे पंधरा दिवस ती बोलली नाही, कारण बोलायला जेवढा श्वास लागतो तेवढा तिच्याकडे नव्हता. डोळ्यांनी सांगायची. पहाटे गेली. उजाडल्यावर वस्ती जमली, बायकांनी तिला आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं.

आठ वाजता मॅनेजर आला. सोबत हातठेला, ठेल्यावर लाकडं. चांगली, वाळलेली, फोडून आणलेली. वर नवं कापड आणि हार. वस्तीत तो पहिल्यांदाच येत होता. रुमाल नव्हता त्याच्या हातात. आणायचं विसरला की मुद्दाम आणला नाही, कोण जाणे.

"मालकांनी पाठवलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कायद्यानं काही लागत नाही. माणुसकी म्हणून. ऊन व्हायच्या आत उरकून घ्या. आणि पोरी, तू इथं एक सही कर. लाकडं मिळाली म्हणून."

कागद टाइप केलेला होता. इंग्रजीत.

चार जाणती माणसं म्हणाली, मालकाला वाईट वाटलं असेल, घे. पार्बता मावशीनं माझा खांदा धरला. "घे वं. लाकडं कुठून आणशील?"

मी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. मग ठेल्याजवळ गेले आणि लाकडं खाली ओढायला लागले. एकेक. मॅनेजरला आधी वाटलं मी चितेसाठी उतरवते आहे. लोकांनाही तसंच वाटलं, दोघं-तिघं मदतीला आले. ठेला रिकामा झाल्यावर मी म्हटलं, "मायले उचला. ह्याच्यावर ठेवा. दवाखान्यात न्यायची आहे."

"मेलेल्या बाईले दवाखान्यात?" एक म्हातारा म्हणाला.

"तिचं फुफ्फुस काढून पाहायचं आहे. त्यात काय आहे ते."

गलका झाला. चिरफाड? आपल्या बाईची? लोक काय म्हणतील? मावशी रडायला लागली. "नको वं बाई, नको. तिचे हाल जिवंतपणी झाले तेवढे पुरे. आता कापू नको तिले."

मी म्हटलं, "सतरा वर्षं ती आतून रोज कापली जात होती, मावशी. तेव्हा कोणी नको म्हटलं नाही. मी पण नाही म्हटलं. आज मी म्हणते, कापा. आता तिले दुखणार नाही."

मॅनेजर पुढे आला. त्याचा चेहरा पडला होता. आता त्याला समजलं होतं. "ठेला आमचा आहे," तो म्हणाला. "ठेला सोड."

"माय पण तुमचीच होती," मी म्हटलं. "ठेल्याची एवढी काळजी आहे."

कोणी हललं नाही. मग मावशीच पुढे आली. डोळे पुसले, कमरेला पदर खोचला आणि मायचे पाय उचलले. मी डोकं धरलं. नंतर दोन पोरं आली. आम्ही ठेला ओढत निघालो. दवाखाना लांब होता. ऊन चढलं. मायच्या तोंडावर माशा बसायच्या, मावशी पदरानं हाकायची. रस्त्यात माणसं थांबून पाहत होती. मॅनेजर चौकापर्यंत मागे आला, मग गेला.

त्या तरुण डॉक्टरनं सगळं लिहून घेतलं आणि फुफ्फुस काढून तपासायला पाठवलं. अहवाल दोन महिन्यांनी मिळाला. फुफ्फुसात धागे. पडद्याचा कॅन्सर. लिहिलं होतं, सही होती, शिक्का होता. माझ्या मायबद्दल सरकारी कागदावर काही खरं लिहिलेलं ते पहिल्यांदा.

मॅनेजरचा तो इंग्रजी कागद वकिलांनी वाचून सांगितला: माय त्यांच्याकडे कधी कामाला नव्हती आणि मी पुढे काही मागणार नाही. केस तीन वर्षं चालली. भरपाईच्या केसेस चालवणाऱ्या कमिश्नरसाहेबांपुढे मालकाचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, ही बाई आमच्याकडे कधी कामाला नव्हतीच. रजिस्टर पुढे ठेवलं. सात-आठ पुरुषांची नावं.

साक्षीला मी आणि पार्बता मावशी. बाकीच्या आल्या नाहीत. मावशी पिंजऱ्यात उभी राहून खोकत होती. गोदामात कोंडायचे ते तिनं सांगितलं. वकिलानं विचारलं, "तारीख सांगा." तिला सांगता आली नाही. तो हसला.

मग माझी पाळी. मी गोणी आणली होती, प्लॅस्टिकमध्ये बांधून. घासलेटनं घासलेला चौकोन दाखवला. कसा रंग दिला, कोणी द्यायला लावला, सगळं सांगितलं.

वकील म्हणाला, "म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे इशारा छापलेला होता. कंपनीनं छापलेला इशारा कामगारांपर्यंत आला होता. तो मिटवला तुम्ही. तुमच्या हातानं. बरोबर?"

"हो."

"स्वतःच्या आईला कळू नये म्हणून?"

आमचे वकील उठून ओरडले. कमिश्नरसाहेबांनी प्रश्न लिहून घेऊ नका म्हटलं. पण विचारला गेला होता. मला तो ऐकू आला होता.

मी म्हटलं, "मले वाचता येत नव्हतं. ज्याले वाचता येत होतं त्यानं माझ्या हातात ब्रश दिला."

निकाल लागला. आजार खरा. धूळ खरी. मृत्यू त्यामुळेच, हे मान्य. पण सदर बाई सदर मालकाकडे कामाला होती हे सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर.

म्हणजे माझ्या मायच्या फुफ्फुसात तो दगड होता, पण तो कुठून आला हे कोणालाच माहीत नव्हतं.

वकिलांनी हायकोर्टाचं बोलून पाहिलं. मग स्वतःच म्हणाले, तिथं पुरावा पुन्हा पाहत नाहीत, कायद्याचा मुद्दा लागतो. ते फार थकले होते. पुढच्या पावसाळ्यात तेही गेले.

शेड बंद झाली. लोक म्हणाले, तू जिंकलीस. मी जिंकले नव्हते. हिंगणा रोडला दुसऱ्या नावानं तीच मशीन लागली होती. बायका नव्या, दुसऱ्या वस्तीतल्या. छत्तीसगडकडच्या बऱ्याच. पार्बता मावशी त्या वर्षी गेली. तिला कापू दिलं नाही तिच्या पोरांनी. मी भांडले नाही. तो हक्क त्यांचा होता.

मग मला धाप लागायला लागली.

त्याच दवाखान्यात गेले. तो डॉक्टर आता तिथला मोठा डॉक्टर झाला होता. एक्स-रे पाहून तो रडला नाही, मीही नाही. "कॅन्सर दिसत नाही," तो म्हणाला. "पण फुफ्फुस कडक झालं आहे. पुढचं सांगता येत नाही." एक मात्र सांगितलं. कायद्याची यादी बदलली आहे. ह्या धुळीचा कॅन्सर आता यादीत आहे. पण नाव रजिस्टरात नसेल तर ती यादी कोरा कागद आहे, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी सोमवारी सकाळी हिंगणा रोडला गेले. नव्या शेडचं फाटक. बायका डबे घेऊन येत होत्या. मी फाटकात उभी राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला विचारलं, "बाई, विम्याचं कार्ड आहे का तुझं? रजिस्टरात नाव आहे का?" बहुतेक बाजूनं निघून गेल्या. एक पोरगी थांबली, पोटुशी होती. "कशाचं कार्ड?" तिनं विचारलं.

मी तिला सांगितलं. घाई केली नाही. धाप लागली की थांबायची, मग पुढे सांगायची. तिच्याभोवती आणखी चार-पाच जमल्या. आतून माणूस आला. तोच मॅनेजर. केस पिकले होते.

"तुला काय पाहिजे आता?" तो म्हणाला. "केस हरलीस ना?"

"मले काही नको. ह्या बायांची नावं आजच्या रजिस्टरात पाहिजेत. आजच्या तारखेत."

"तुझा काय संबंध?"

मी एक्स-रे काढला. त्याच्या तोंडासमोर धरला, उन्हात. बायकांना दिसला. त्यांना त्यात काय आहे ते समजलं नसेल, पण मॅनेजर कसा मागे सरकला ते समजलं.

त्या दिवशी नऊ जणी आत गेल्या नाहीत. आम्ही विमा खात्याच्या ऑफिसात गेलो आणि बसलो. कारकुनानं विचारलं, "आजारी कोण आहे?" मी म्हटलं, "आज कोणी नाही. आजारी पडायच्या आधी लिहून घ्या." तो म्हणाला असं होत नाही. आम्ही उठलो नाही. दुसऱ्या दिवशी चौदा जणी होत्या. आठवड्यानं विमा खात्याचा इन्स्पेक्टर शेडमध्ये गेला, न सांगता. इथंही गोदामाला बाहेरून कडी होती, ती मी त्याला स्वतः दाखवली.

नावं लिहिली गेली. सगळी नाही. पण त्या पोटुशी पोरीचं लिहिलं गेलं.

माझा स्वतःचा अर्ज कमिश्नरकडे आहे. तारखा पडतात. त्यांचा नवा वकील म्हणतो, हीसुद्धा आमच्याकडे नव्हती. म्हणू दे. मी प्रत्येक तारखेला जाते. जिना चढायला मला अर्धा तास लागतो. चढते. मायच्या वेळी तिच्याऐवजी एक अहवाल बोलला. माझ्या वेळी मी बोलणार आहे, तोंड आहे तोवर. सोमवारी मी हिंगणा रोडच्या फाटकात असते. ज्यांना मला तिथून उठवायचं आहे त्यांनी मरणाची वाट पाहावी. ते लांब नाही, मला माहीत आहे. पण तोवर एकही बाई नाव लिहिल्याशिवाय आत जाणार नाही.

आणि मी मेल्यावर मला घाईनं कोणी जाळायचं नाही. तसं लिहून, सही करून ठेवलं आहे. मराठीत.